कचरूची गिटार

आमच्या चर्चच्या कंपाउंडात नळाला पाणी आलं नाही की बायका म्हणायच्या, "घ्या, झाली कचरूची गिटार." सेल संपलेली बॅटरी, रिकामा सिलिंडर, न वाजणारी दारावरची बेल, सगळ्याला हेच नाव. जालना शहरात आमची चाळीस घरं सोडली तर हे बोलणं कोणाला कळणार नाही. ते नाव कसं पडलं हे मात्र मीच सांगायला हवं, कारण त्यात सगळ्यात मोठा हात माझा आहे.

मी वसंता. स्टेशनच्या रस्त्यावर माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं आणि दर रविवारी चर्चचा लाउडस्पीकर मी सांभाळायचो. वेदीच्या डाव्या अंगाला टेबलावर मिक्सरचा डबा घेऊन बसायचं. कोणाचा आवाज किती सोडायचा, कोणाचा किती दाबायचा, ते माझ्या दोन बोटांत. मी दहावी नापास माणूस, पण पाळकसाहेबांचा उपदेशसुद्धा माझ्या बोटांतून बाहेर पडायचा. त्याचा मला माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

कचरू बियाण्याच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवायचा. मूळचा वाटूरच्या बाजूचा. त्याच्या आधीची दोन पोरं गेली, म्हणून तो जन्मल्यावर आई साळूबाईनं त्याला उकिरड्यावर ठेवला आणि शेजारणीनं उचलून परत आणून दिला. टाकलेल्या पोराला नजर लागत नाही, अशी आपल्याकडची समजूत. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी कृपानंद नाव दिलं, ते रजिस्टरातच राहिलं. हाक मारताना सगळे कचरूच म्हणायचे.

आम्ही कंपाउंडातले म्हणजे मिशनच्या मास्तरांची आणि नर्सबाईंची नातवंडं. जन्मलो तेच पहिल्या चार बाकांवर. कचरूसारखे खेड्यातून आलेले मागं बसायचे, चपला काढून ठेवतात तिथं. प्रभूच्या घरी सगळे सारखे, असं आम्ही दर रविवारी गायचो आणि गाऊन झालं की आपापल्या बाकावर बसायचो.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात परदेशातून पाहुण्यांची टोळी आली. चार दिवस राहिली, गाणी शिकवली आणि जाताना एक लाल इलेक्ट्रिक गिटार, एक वायर आणि गाण्यांच्या तीन कॅसेटी देऊन गेली. अट एकच. दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासनेत गिटार वाजताना फोटो काढायचा आणि पाठवायचा. चर्चचे पत्रे तेव्हा गळत होते, आणि पत्र्यांचं पाहू असं पाहुण्यांनी म्हटलेलं. म्हणजे फोटो गेलाच पाहिजे. कंपाउंडातल्या पोरांनी पंधरा दिवस ती गिटार गळ्यात घालून मिरवली. बोटं सोलली तशी ठेवून दिली. मग मागच्या बाकावरून कचरू पुढं आला.

"मी शिकू का?" त्यानं विचारलं.

पेटी वाजवणारे अप्पाराव मास्तर हसले. म्हणाले, "पोती शिवणारा माणूस. बोटं तरी घट्ट आहेत. घेऊन जा."

शिकवणारं जालन्यात कोणी नव्हतं. कचरूचा गुरू म्हणजे एक जुना टेप, आणि तो बंद पडलेला. तो माझ्या दुकानात आला. आतला रबरी पट्टा तुटला होता. माझ्याकडे त्या मापाचा पट्टा नव्हता, म्हणून मी सायकलच्या ट्यूबची बांगडीसारखी एक गोल चकती कापून चढवली. थोडी सैल बसली. टेप चालू झाला, पण चाल मंदावली. मला ते तिथंच कळलं. "आठ दिवसांनी ये, अस्सल पट्टा आणून ठेवतो," असं मी म्हणालो. तो आठ दिवसांनी आला. मी विसरलो होतो. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी खेकसलो, "वाजतोय ना? मग कशाला डोकं खातोस?" तो परत आला नाही.

टेप हळू चालला की गाणं सावकाश वाजतं आणि त्याचा सूरही खाली उतरतो. कचरूनं आयुष्यात ती गाणी दुसऱ्या कुठल्या मशीनवर ऐकली नव्हती. त्यानं गिटारीच्या सहाही तारा त्या टेपला जुळवल्या. अप्पाराव मास्तरांनी तीच गाणी त्याच कॅसेटींवरून पेटीवर बसवली होती, पण स्वतःच्या धडधाकट जपानी मशीनवर ऐकून. म्हणजे चर्चची पेटी एका पट्टीत आणि कचरूची गिटार बरोबर अर्धा सूर खाली. दोन बैल जुंपलेत आणि एक खड्ड्यातून चाललाय, तसं.

तो नुसते साथीचे सूर शिकला असता तर एक वेळ खपलं असतं. त्याला हवे होते ते गाण्याच्या मधले तुकडे. ओळ संपते, गाणारा श्वास घेतो, तेवढ्यात गिटार जे चार शब्द बोलून जाते, ते. एक तुकडा तो दोनशे वेळा ऐकायचा. वाजव, थांबव, मागं घे. सेल वाचावेत म्हणून कॅसेट पेन्सिलीवर फिरवून मागं घ्यायचा. आणि गोदामातल्या बियाण्याच्या पोत्यांना जे पुठ्ठ्याचे टॅग लावतात, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला, कुठली तार दांडीवरच्या कितव्या घरात दाबायची ते लिहायचा: तार तीन, घर पाच. तार दोन, घर सहा, ओढून. असे चारशे टॅग त्यानं एका डब्यात ठेवले होते.

कोणासाठी चाललं होतं हे सगळं, तर साळूबाईसाठी. म्हातारीचे डोळे गेलेले, कंबर मोडून बाजेवर पडलेली. गावाहून चर्चला येणं शक्य नव्हतं, आणि गाण्याशिवाय नुसते मधले तुकडे तिला ऐकवून उपयोग नव्हता. कचरू मला म्हणाला, "आई म्हणती, डोळे गेले पर कान हायेत. तुझं वाजवणं ऐकते, मंग जाते. वसंतभाऊ, तिला एकदा ऐकवलं की माझं झालं."

एकोणनव्वदच्या ईस्टरला त्याला पहिल्यांदा वर बसवला. अप्पाराव मास्तरांनी तालमीला बोलावलं नव्हतं. उपासनेआधी त्यानं मास्तरांना म्हटलं, "पेटीचा एक सूर द्या ना, लावून घेतो." मास्तर म्हणाले, "सूर कानात असावा लागतो, मागून मिळत नाही." कचरूला ते पटलंसुद्धा. "टेपला लावल्याली हाय," तो मला म्हणाला. "टेप काय झूट बोलणार न्हाई."

होडीचं गाणं होतं. प्रभू वादळात होडीत झोपला आहे, ते. पहिली ओळ संपली, कचरूनं डोळे मिटून त्याचा तुकडा वाजवला आणि अख्खं चर्च दचकलं. दातात खडा यावा तसं झालं. पहिल्या बाकावरच्या बाया पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पंजा खाली-खाली केला. कमी कर. मी मिक्सरवरचा गिटारीचा नॉब शून्यावर आणला. गिटार गप झाली. कचरू मिटल्या डोळ्यांनी वाजवत राहिला.

त्याला कळलं कसं नाही, असं लोक विचारतात. स्पीकरचा बॉक्स लोकांकडे तोंड करून, हा बॉक्सच्या मागं, एका बाजूला ढोलकी, दुसऱ्या बाजूला मास्तरांची पेटी आणि भोवती शंभर माणसांचं गाणं. त्यात स्वतःची गिटार कोणाला वेगळी ऐकू येते? उपासना सुटल्यावर तो घामानं निथळत माझ्याकडे आला.

"गेला का आवाज, वसंतभाऊ?"

मी पाळकसाहेबांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. मी म्हणालो, "बराबर गेला."

त्या संध्याकाळी कमिटी बसली. फोटोला गिटारवाला तर पाहिजे, आणि दुसरा कोणी नाही. अप्पाराव मास्तर म्हणाले, "तोंडावर सांगून गरिबाचं मन कशाला मोडायचं? वाजवू द्या. ऐकू नाही आलं म्हणजे झालं." सगळ्यांना ते फार दयाळूपणाचं वाटलं. कोणीतरी 'आमेन'सुद्धा म्हटलं.

त्याचा सूर का लागत नाही, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. पहिल्या तुकड्यालाच मला सायकलच्या ट्यूबची ती चकती आठवली होती. दहा मिनिटांचं काम होतं. पण मास्तरांच्या शब्दावर मला शाळेच्या स्नेहसंमेलनाचं लाउडस्पीकरचं काम मिळायचं, आणि त्यांच्यासमोर मी कसा म्हणणार की दोष माझ्या हातचा आहे? पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारी वाटलं, मग मागच्याच रविवारी का नाही सांगितलंस, असं विचारतील. खोटं एकदा बोललं की त्याची चाकरी रोज करावी लागते. मी ती साडेदहा वर्षं केली.

पद्धत बसून गेली. उपासनेआधी मी नॉब उघडायचो, कचरू एकटाच दोन तारा छेडून बघायचा, बॉक्समधून ठणठणीत आवाज यायचा. तो खूश व्हायचा. पेटी सुरू झाली की मी नॉब शून्यावर आणायचो. त्याची पाठ माझ्याकडे. तीन पाळक बदलले. जाणारा येणाऱ्याला किल्ल्या देताना, रजिस्टर देताना हेही कानात सांगून जायचा. कंपाउंडातली पोरं खराटा गळ्यात धरून डोळे मिटून वाजवायची आणि आयाबाया पोट धरून हसायच्या. मीही हसायचो. त्याची बायको बेबीनंदा मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. तिलाही माहीत होतं. मी एकदा तिला म्हणालो, "सांगू का त्याला?" ती म्हणाली, "रविवारी तेवढं हसून घरी येते माणूस. राहू द्या."

नळाला आपलं नाव पडलंय, हे कचरूच्या कानावर गेलं. त्यानं मला विचारलं, "नळाला माझं नाव कामून घेऊन राह्यले लोक?"

"प्रेम आहे लोकांचं," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. त्याचा विश्वास बसला. त्या वेळी मला त्याची दया नाही आली, राग आला. इतकं भाबडं माणसानं असूच नये, असं वाटलं. ज्याला आपण फसवतो त्याच्यावरच आपण चिडतो, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

नव्व्याण्णव साली चर्चचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. कमिटीनं ठरवलं, आपल्या बारा गाण्यांची कॅसेट काढायची. उपासनेतच गायचं आणि मी मिक्सरवरून थेट भरून घ्यायचं. कचरू सहा आठवडे सुट्टीच्या दिवशीही टॅगांचा डबा घेऊन बसला. म्हातारी तेव्हा फार थकली होती. "आता कॅसेटच घेऊन जातो गावाला," तो म्हणाला. "वसंतभाऊ, ह्या टायमाला जरा जास्त सोड आवाज. आईला कमी ऐकू येऊन राह्यलं."

"सोडतो," मी म्हणालो. आणि शून्यावर ठेवला. एकदा बोटं नॉबवर गेली होती. पण सोडला असता तर बाराही गाणी नासली असती.

कॅसेट त्यानं घरी ऐकली नाही. पहिल्यांदा आईसोबतच ऐकायची म्हणाला. मला नवा टेप घेऊन बरोबर चल म्हणून मागं लागला. मी सतरा सबबी सांगितल्या. तो म्हणाला, "इतकी वर्षं तू माझा आवाज लोकायपर्यंत पोचवला. आज आईपर्यंत पोचवायला तूच पाहिजे." मग मी गेलो. नाही म्हणायचं धैर्यही माझ्यात नव्हतं.

वाटूर फाट्याला उतरून दोन मैल चाललो. घरात साळूबाईच्या बाजेभोवती भावकीतली सात-आठ माणसं जमली होती. कचरूनं टेप उशाशी ठेवला आणि होडीचं गाणं लावलं. पहिली ओळ संपत आली तसं त्यानं बोट वर केलं. "आता ऐक, आई."

त्या जागी मास्तरांची पेटी होती आणि ढोलकी होती. बस.

त्यानं कॅसेट मागं घेतली. पुन्हा लावली. कान टेपला टेकवला. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, असेल कुठंतरी बारीक. पण हा माणूस दहा वर्षं कॅसेटीतून गिटार वेचून काढत आला होता. कापसातली सरकी वेचावी तसा वेचायचा. तिसऱ्यांदा मागं घेऊन त्यानं दुसरं गाणं लावलं, मग पाचवं. प्रत्येक वेळी बोट वर जायचं आणि तसंच राहायचं. मी कोपऱ्यातल्या उतरंडीकडे बघत बसलो.

म्हातारी अंधारात चाचपडत म्हणाली, "हेच का रे बाबा? हे सूंऽऽ करून वाजते ते?"

ती पेटीबद्दल विचारत होती.

कचरूनं वर राहिलेलं बोट खाली घेतलं आणि म्हणाला, "हाव आई. हेच."

"लई गोड हाय," ती म्हणाली. तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि बोटांच्या टोकांवरचे घट्टे चाचपले. "मंग. उगाच पडले का एवढे घट्टे." आणि जमलेल्यांना म्हणाली, "ऐका, माझ्या टाकल्याल्या पोराचं हाय हे." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

फाट्यावर बसची वाट पाहताना त्यानं विचारलं, "कवापासून?"

"पहिल्या ईस्टरपासून."

"समद्यायला म्हाईत व्हतं?"

"हो."

"बेबीनंदाला बी?"

मी मान हलवली. त्यानं रस्त्याकडे तोंड फिरवलं. तसाच म्हणाला, "कामून?"

"तुझा सूर लागत नव्हता."

"मंग सांगायचं व्हतं. मी लावला असता."

त्यानं शिवी द्यायला पाहिजे होती. माझी गचांडी धरायला पाहिजे होती. बस आली तेव्हा त्यानं माझा टेप नीट आधी आत ठेवला आणि मग स्वतः चढला. चकतीची गोष्ट तेव्हाही मी सांगितली नाही.

चार दिवसांनी तो दुकानात आला. एका हातात जुना टेप, खांद्यावर गिटार. टेप काउंटरवर ठेवून म्हणाला, "कॅसेट घरी लावून पाह्यली. तुझ्या मशीनवर मास्तरांची पेटी वर व्हती. माझ्या मशीनवर खाली हाय. माझं मशीन झूट बोलून राह्यलं. खोल."

मी खोललं. सायकलच्या ट्यूबची चकती आत वाळून काळी पडली होती. त्यानं ती बोटावर घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"हे तूच टाकल्तं न्हाई का?"

"हो."

"तीनदा आल्तो मी."

"हो," मी म्हणालो. "माफ कर, कचरू."

"पट्टा बसव."

मी अस्सल पट्टा बसवला. खरंच दहा मिनिटं लागली. त्यानं चर्चची कॅसेट लावली, गिटारीचे सहा कान एकेक करून पिळले आणि होडीच्या गाण्यावर मधला तुकडा वाजवला. वायर नव्हती, तरी मी हातभर अंतरावर बसलेला, मला स्वच्छ ऐकू आला. काय वाजवलं म्हणून सांगू! एक सूर इकडचा तिकडं नाही. गाणं जिथं दम घेत होतं तिथं त्याची गिटार त्याला पाणी पाजत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी पेचकस शोधत खाली वाकलो. वर आलो तेव्हा तो गिटार पिशवीत घालत होता.

"पट्ट्याचे किती झाले?" त्यानं विचारलं.

मी नको म्हणालो. तो पैसे ठेवून गेला.

पुढचा रविवार डिसेंबरचा पहिला होता. फोटोचा. कचरू येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आपल्या स्टुलावर बसला. उपासनेआधी त्यानं तारा छेडून पाहिल्या नाहीत. बेबीनंदा त्या दिवशी मागं न बसता पुढं येऊन त्याच्या स्टुलाजवळच्या बाकावर बसली. आमच्या बायकांनी नाकं मुरडत तिला जागा दिली.

मी ठरवून आलो होतो. आज पाळक खुणावू देत, मास्तर पेटी बंद करू देत, मी हात काढणार नाही. होडीचं गाणं सुरू झालं, पहिली ओळ संपत आली आणि मी कचरूचा नॉब पूर्ण उघडला. शेवटापर्यंत.

बॉक्समधून नुसता घूंऽऽ असा आवाज आला. मी वाकून पाहिलं. कचरूची बोटं तारांवर बरोबर त्या त्या घरात पडत होती, आणि वायर त्याच्या पायाशी मोकळी पडली होती. त्यानं ती लावलीच नव्हती. त्याच्याजवळ बसलेली बेबीनंदा मान वर करून ऐकत होती. एवढ्या लोकांत ती एकटी. या खेपेला त्यानं डोळे मिटले नव्हते. तो मान वळवून माझ्याकडे बघून वाजवत होता.

फोटोवाल्यानं फ्लॅश मारला. घूं आवाजानं लोक वळून बघायला लागले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहून पंजा खाली-खाली केला.

मी कमी केला.